मुखिया अनुसयाबाई

प्रिय आत्या,

आज सौंसरला जाऊन तुझं रेशनकार्ड परत करून आले. तहसीलीतल्या बाबूनं त्यावर लाल शाईनं आडवं 'निरस्त' लिहिलं, खाली सही केली आणि कार्ड आपल्याकडे ठेवून घेतलं. या शेऱ्याचा अर्थ मला कोणाला विचारावा लागला नाही. माणूस गेलं, कार्ड रद्द. परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसले आणि वाटलं, हे तुला कळवायला हवं. तुझ्या कामाची प्रत्येक खबर मी आल्याबरोबर तुला सांगायची. मग ही शेवटची तेवढी कशी राहू देऊ?

देण्याआधी पहिलं पान उघडून एकदा वाचलं. 'परिवार के मुखिया का नाम: अनुसयाबाई.' तू हे पहिल्यांदा, अर्जाच्या फॉर्मवर, माझ्याकडून वाचून घेतलंस तेव्हा काय हसली होतीस! "मुखिया म्हणे! अन् हुकूम कोणावर चालवू, मांजरीवर?"

आतोबा गेल्यावर तू मोहगावहून पांढुर्ण्याला आमच्या घरी आलीस. पहिला आठवडा सरायच्या आत परसातल्या सपरीत, त्या उघड्या छपराखाली, तू आपली चूल मांडलीस. आईला ते लागलं. ती म्हणाली, "बाई, माझ्या हातचं गोड नाही लागत का?" तू म्हणालीस, "गोड लागते म्हणूनच भेव वाटते, शांते. रोज आयतं खाल्लं तर मले पुन्हा चूल पेटवणं होणार नाही."

सकाळी तू संत्र्याच्या बागेत तोडणीला जायचीस, संध्याकाळी आपलं पीठ आपण मळायचीस. घरात कोणाला त्यात वावगं वाटेनासं झालं. पण बाहेर कोणाला ते माहीत नव्हतं. बाबांनी कधी सांगितलं नाही आणि तूही नाही. बहीण भावाच्या घरी राहून वेगळी शिजवते, हे ऐकल्यावर बाबांच्या शिलाईच्या दुकानात बसणारी माणसं काय म्हणतील, ते तुम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

अडचण एवढीच, की मोहगावच्या कार्डातून तुझं नाव कापलं गेलं होतं आणि दुसरीकडे कुठं चढलं नव्हतं. कंट्रोलच्या दुकानात तुझ्या वाटचे गहू, साखर, राकेल यांपैकी काहीच नव्हतं. बाबा म्हणाले, "माझ्या कार्डात टाकू नाव." तू मान हलवलीस. "आधी सासऱ्याच्या कार्डात होती, मग दिराच्या. आता भावाच्या? मले माझं पाहिजे."

मी नुकतीच बी.ए. झाले होते आणि शाळेत शिकवायला लागले होते. आपल्या घरात कोणी मॅट्रिकच्या पुढे गेलं नव्हतं. मला वाटायचं, अर्ज नीट लिहिला, कायदा आपल्या बाजूनं असला, की काम होतंच. अजूनही मला तसंच वाटतं, आत्या. फक्त मध्ये काय काय असतं ते आता माहीत झालं आहे.

पहिल्या खेपेला बाबूनं चिठ्ठीवर लिहून दिलं, 'विचाराधीन'. मी तुला अर्थ सांगितला. तू चुलीत काडी सारत म्हणालीस, "विचार करून राहिले? एका बाईच्या साखरेचा एवढा विचार?" पुढच्या खेपेला 'जाँच हेतु प्रेषित'. म्हणजे साहेब घरी पाहायला येणार. त्यानंतर तू तोडणीला जाणं सोडलंस आणि ओसरी रोज झाडू लागलीस, जसा काही मुलगी पाहायला पाहुणा येणार आहे.

साहेब आले तेव्हा मी शाळेत होते. पुढं चिठ्ठी आली ती अशी: 'जाँच उपरांत नस्तीबद्ध'. बाबांच्या दुकानात एक जण म्हणाला, "नस्ती म्हणजे फाइल. फाइलमध्ये पक्कं बांधलं. झालं काम." त्या दिवशी आईनं शिरा केला. तू पिशवी घेऊन कंट्रोलवर गेलीस आणि रिकामी पिशवी घडी करून परत आलीस. दुकानदार म्हणाला होता, "बाई, चिठ्ठीवर साखर नाही भेटत, कार्ड आणा."

मग मी सौंसर गाठलं. बाबू म्हणाला, "नस्तीबद्ध याने बंद. केस खतम." मी विचारलं, का? त्यानं फाइल उलटवून साहेबांची ओळ दाखवली. 'संयुक्त चूल्हा. आवेदिका भाई के परिवार में भोजन करती है.' म्हणजे चूल एकच, अर्ज करणारी भावाकडे जेवते. मी म्हटलं, हे खोटं आहे. तो म्हणाला, "मैडम, ये आपकी बुआजी का ही बयान है."

परत येताना रस्ताभर मी तुझ्याशी मनात भांडले. घरी येऊन प्रत्यक्ष भांडले.

"आत्या, तू असं कसं सांगितलंस?"

"मग काय सांगू? परका माणूस ओसरीत बसला. पुसते, अम्मा, खाना अलग बनता है क्या? तुझा बाप तिथंच उभा. मी म्हणू, हो साहेब, भावाच्या घरी राहून माझं मी शिजवते? त्याची काही इज्जत नाही?"

"पण वेगळी चूल असली तरच वेगळं कार्ड मिळतं."

"मग त्यानं भावासमोर पुसावं कायले?"

साहेबांना विचारणं भाग होतं, आणि तुला तेच एक उत्तर देता येत होतं. साऱ्या कचेरीत असा एकही शेरा नाही, ज्यात हे मावलं असतं.

तू म्हणालीस, "जाऊ दे न, सुमे. नाही तर नाही." त्या एका वाक्याचा मला अजून राग आहे. इतक्या हौसेनं ओसरी झाडली होतीस, आणि इतक्या लवकर जाऊ देणार होतीस? मी जाऊ दिलं नाही. फेरतपासणीचा अर्ज मी त्याच आठवड्यात दिला.

पण खरं काम अर्जाचं नव्हतं. ते दुकानात मशीनवर बसलं होतं. मी बाबांना सगळं सांगितलं. म्हटलं, आत्या मेली तरी हे तोंडानं बोलणार नाही. कोणीतरी बोलायला हवं. बाबा बाही शिवत राहिले. दोरा तुटला तेव्हा एवढंच म्हणाले, "लोक म्हणतील, बहिणीले वेगळं काढलं."

मी म्हटलं, "तुम्ही काढलं का?"

त्यांनी तुटलेला दोरा पुन्हा सुईत ओवला. मीही पुढं रेटलं नाही.

पोळ्याची सुट्टी होती म्हणून दुसऱ्या वेळी मी घरी होते. साहेब तेच, खुर्ची तीच, प्रश्नही तोच. तू पदर पुढं ओढलास, जमिनीकडे पाहिलंस आणि तुझे ओठ हलले. मला कळलं, तू पुन्हा तेच सांगणार. बाबा दारात उभे होते, गळ्यात मोजपट्टी तशीच लटकलेली.

ते म्हणाले, "अक्का, साहेबासाठी चहा ठेव. तुझ्या चुलीवर."

पाहुण्याचा चहा आपल्या घरी नेहमी आईच्या चुलीवर व्हायचा. तू बाबांकडे पाहिलंस. आई स्वयंपाकघराच्या दारातून बाजूला झाली आणि तुला परसाकडे वाट दिली. साहेबांनी पेन थांबवलं. "इनका चूल्हा अलग है?"

"अलग आहे साहेब. राहते माझ्याजवळ, शिजवते आपलं. तिची मर्जी," बाबा म्हणाले. शेजारच्या ओसरीत दोघी-तिघी बसल्या होत्या. त्यांनाही ऐकू जाईल, एवढ्या आवाजात म्हणाले.

साहेब उठून सपरीत गेले. तुझा पिठाचा डबा, मिठाची बरणी, पालथी घातलेली एकच थाळी त्यांनी पाहिली. तू फुंकणीनं जाळ करत होतीस आणि वर मान करत नव्हतीस. त्या चहात तू इतकी अद्रक घातली होतीस, की साहेबांना ठसका लागला. तरी त्यांनी दुसरा कप मागितला.

त्या दिवशी तू पिठलं केलंस आणि बाबांना हाक मारलीस. बाबा सपरीत पाटावर बसून जेवले. तुझ्या चुलीवरचं ते पहिल्यांदाच जेवत होते. "मीठ कमी आहे," ते म्हणाले. तू म्हणालीस, "मुखियाच्या घरी मीठ मागून घ्या लागते." कार्ड अजून यायचं होतं, पण फॉर्मातला तो शब्द तुला भारी आवडला होता.

पुढच्या चिठ्ठीवर 'स्वीकृत' होतं. तेव्हा तू मला अर्थ विचारला नाहीस. माझ्या तोंडाकडे पाहून ओळखलंस.

कार्ड तुझ्याजवळ फार काळ राहिलं नाही, याचं मला वाईट वाटतं. पण जितके दिवस राहिलं, तितके दिवस तू कंट्रोलच्या रांगेत आपल्या नावानं उभी राहिलीस. कोणी पुढं घुसलं तर म्हणायचीस, "ओ भाऊ, मागं व्हा. मी बी घर चालवते."

आता आजची खरी गोष्ट सांगते. तुझं कार्ड देऊन वळले तर मागं सावरगावची एक मावशी उभी होती, जाम नदीच्या पल्याडची, म्हणजे आपल्या घरापासून हाकेवरची. तिनं चिठ्ठी पुढं केली. "पोरी, एवढं वाचून दे. काम झालं न माझं?"

'जाँच उपरांत नस्तीबद्ध'.

पूर्वी मी शब्दाचा अर्थ सांगत बसले असते. आज मी तिला बाकावर बसवलं आणि आधी विचारलं, "मावशी, साहेब आले तेव्हा घरी कोण होतं?"

"जावई होता. लेकीजवळच राहते न मी."

"अन् तुमची चूल?"

"मागं आहे, माझी माझी."

"साहेबाला ते सांगितलं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, अगदी तुझ्यासारखं. "जावयासमोर काय सांगू, बाई?"

मला हसू आलं, आत्या. खरंच आलं. कारण पुढं काय करायचं ते मला माहीत होतं.

येत्या रविवारी मी सावरगावला जाते आहे. मावशीचा फेरतपासणीचा अर्ज लिहीन, पण तो नंतर. आधी तिच्या जावयाजवळ बसेन. बाबाही येतो म्हणाले. मी काही सांगितलं नव्हतं, चिठ्ठीची गोष्ट ऐकून आपणच म्हणाले, "माणसाले माणसानं सांगतलेलं बरं."

तुझी चूल आईनं कालच सारवली. ती मोडायची नाही, असं आम्ही ठरवलं आहे. मावशीचं कार्ड येईल त्या दिवशी तिला घरी बोलावीन आणि तुझ्या चुलीवर चहा ठेवीन, हा माझा शब्द. अद्रक तुझ्याएवढीच घालीन.

तुझीच,
सुमी