एकेचाळीस रिकामे रकाने

पेण,
५ फेब्रुवारी १९९८

प्रिय प्रदीप,

'प्रिय' लिहावं की नाही, यात दोन कागद फुकट गेले. एकावर 'श्री. प्रदीप यांस' असं लिहून पाहिलं, तर ते वीज मंडळाच्या नोटिशीसारखं दिसायला लागलं. शेवटी म्हटलं, हाताला सवय आहे, राहू दे. पण म्हणून पत्र गोड असेल अशा समजात राहू नकोस. मी तुझ्यावर रागावले आहे. दीड महिना झाला, राग उतरत नाही. तुझ्या ठाण्याच्या ऑफिसात दोनदा फोन केला, दोन्ही वेळा माझं नाव ऐकल्यावर तू मीटिंगमध्ये गेलास. मीटिंग काय, लपायची जागाच झाली तुझी ती! म्हणून पत्र. रविवारी, पंधरा तारखेला रोह्यात एकेचाळीस माणसांचं रक्त तपासायचं आहे, आणि त्याआधी हे तुझ्या हातात पडायला हवं. पुरतं वाचल्याशिवाय खाली ठेवू नकोस.

इकडचं म्हणशील तर क्लास चालू आहे. खाली दिनानाथशेठनी गणपतीच्या मूर्तींचं काम यंदा लवकर काढलंय, त्यामुळे पांढरी धूळ पुन्हा जिन्याने वर येते आणि मी रोज संध्याकाळी कॉम्प्युटरना जुन्या साड्या पांघरवून घरी जाते. तू म्हणायचास, मशीनला गोवर आलाय का? परवा झाकताना ते आठवलं आणि हसू आलं, मग हसल्याचाच राग आला. माणसावर नीट रागावता येऊ नये, इतक्या आठवणी त्याच्याबरोबर कशाला करून ठेवायच्या, सांग.

चौऱ्याण्णवचा मे महिना तुला आठवत असेलच. शाळेचे निकाल आपण पहिल्यांदा कॉम्प्युटरवर काढले होते. किमयाला विषमज्वर झाला म्हणून ती गणिताच्या पेपरला बसलीच नव्हती. तिचा रकाना रिकामा होता, फॉक्सप्रो प्रोग्रामनं तो शून्य म्हणून वाचला आणि खाली ठसठशीत 'नापास' छापून दिलं. तिचे वडील गुणपत्रक घेऊन दारात उभे राहिले. मी त्यांना सांगत होते की मशीन असंच वाचतं, पेननं दुरुस्त करून देते. मला त्यात फार मोठं काही वाटलंच नव्हतं, हे कबूल करते. भडकलास तू. "पेपर दिलाच नाय तिनं, मंग शून्य आला कुठून? कुणी विचारलंच नाय, त्याचं उत्तर शून्य कसं?" असं काहीतरी माझ्यावरच ओरडलास. चिडलास की तुझ्या तोंडून तुमच्या खांब गावची भाषा बाहेर पडते. पुढचे आठ दिवस तू जेवायलाही धड उठला नाहीस, आणि त्यातून आपली 'पारख' तयार झाली.

केवढीशी होती ती! जेमतेम दोनशे ओळींची. कुठल्याही प्रोग्रामला जोडावी, आणि हिशेब सुरू होण्याआधी तिनं एकेक रकाना तपासावा. आकड्याच्या जागी आकडाच आहे ना, तारखेच्या जागी तारीखच आहे ना. आणि रकाना रिकामा असेल तर तिथेच थांबून तसं सांगावं, पुढे जाऊ नये. ती शेवटची तपासणी तुझी, निव्वळ तुझी. मग मला चेव आला आणि मी 'डोकाव' लिहिली. फॉक्सप्रोला न विचारता ती थेट डेटाच्या फाइलमध्ये शिरते आणि आत कुठले रकाने आहेत, कशाचे आहेत, त्यांत खरोखर काय भरलंय ते जसंच्या तसं दाखवते. तुझी पारख अडवणार, माझी डोकाव दाखवणार. आपल्याला वाटलं होतं, आता जगातली कुठलीही किमया उगाच नापास होणार नाही.

आणि त्या आपण वाटल्या. सोर्सकोडसकट, मागेल त्याला. सव्वीस फ्लॉप्या मोजून दिल्या, पतपेढीपासून अलिबागच्या दवाखान्यापर्यंत. अट एकच होती, आणि ती फाइलच्या डोक्यावर तूच मराठीत, इंग्रजी अक्षरांत टाइप केली होतीस: वापरा, बदला, पुढे द्या, पण बदललंत तर इथे स्वतःचं नाव, तारीख आणि काय बदललं ते लिहा. त्याखाली 'प्रदीप आणि भाग्यश्री, पेण'. दिनानाथशेठनी पडद्यावर ते वाचलं आणि म्हणाले, पत्रिका छापलीत वाटतं! तू कानापर्यंत लाल झालास. मी उगाच प्रिंटरचा कागद सारखा करत बसले. त्याबद्दल या पत्रात आणखी काही लिहिणार नाही.

शहाण्णवला तुला रोह्याजवळ धाटावच्या कंपनीत नोकरी लागली तेव्हा मी पेढे वाटले होते. रंगाच्या शेडमध्ये शिसं वापरतात, तिथल्या प्रत्येक माणसाचं रक्त दर सहा महिन्यांनी तपासायचं, ज्याच्या रक्तात शिसं जास्त त्याला दुसरीकडे हलवायचं. त्या नोंदींचा प्रोग्राम तू केलास आणि त्याला आपली पारख जोडलीस. माझी छाती फुगली. शाळेच्या निकालावरून निघालेली गोष्ट माणसांच्या जिवाला उपयोगी पडतेय असं मी क्लासमध्ये मुलांना सांगायचे. अजून सांगत होते, गेल्या डिसेंबरपर्यंत.

डिसेंबरात तुझ्या जागी आलेल्या नम्रताचा फोन आला. छपाई अडतेय, फाइलवर तुमचं नाव आणि गाव आहे, त्यावरून क्लासचा नंबर शोधला, म्हणाली. एसटीनं रोह्याला गेले. छपाईचं दुखणं दहा मिनिटांचं होतं, पण सवयीनं डोकाव चालवली. रंगाच्या शेडमधल्या एकेचाळीस कंत्राटी कामगारांचे रक्ताचे रकाने कोरे दिसले. तपासणी झालेलीच नाही. आणि पारख मात्र त्याच एकेचाळीस नावांपुढे छापत होती: शून्य, मर्यादेत. आता आपल्याच दोघी एकमेकींच्या विरुद्ध साक्ष देताहेत म्हटल्यावर मी कुणावर संशय घेतला असेल? स्वतःच्या डोकाववर. दोन दिवस मी माझ्याच ओळी तपासत बसले, कारण तुझी पारख चुकेल हे माझ्या डोक्यातच येईना. तिसऱ्या दिवशी माझ्या कपाटातली जुनी फ्लॉपी नेली आणि तिच्यातली पारख कंपनीतल्या पारखेशेजारी ठेवून ओळीला ओळ लावली.

एक ओळ, प्रदीप. जिथे 'रिकामं असेल तर थांब' होतं, तिथे 'रिकामं असेल तर शून्य धर' झालं होतं. फाइलवर तारीख २२ मार्च १९९७, संध्याकाळी पाच बावन्न. दुसऱ्या दिवशी होळी होती. तू आमच्याकडे आला होतास, चार पुरणपोळ्या खाल्ल्यास, आणि माझ्या आईनं पाचवी वाढली तेव्हा पोट दुखतंय म्हणालास. मी तुला ओवा आणून दिला.

मार्चअखेरचा अहवाल फॅक्टरी इन्स्पेक्टरला द्यायचा होता, पारख अडून बसली होती, साहेब डोक्यावर उभा असेल, तू नवा होतास, हे सगळं तुझ्या वतीनं मी स्वतःला सांगून पाहिलं. त्यातलं थोडंफार पटलंही. माणूस घाबरतो. पण मग मी फाइलच्या डोक्याकडे पाहिलं. तू काय बदललंस ते लिहिलं नव्हतंस, ते एक वेळ समजू शकते. चोरी करणारा पावती ठेवत नाही. पण तू 'प्रदीप आणि' एवढंच पुसलंस आणि खाली 'भाग्यश्री, पेण' राहू दिलंस. ते घाबरून होत नाही. त्यासाठी कर्सर तिथे न्यावा लागतो, एकेक अक्षर मागे खोडावं लागतं आणि नेमकं कुठे थांबायचं ते ठरवावं लागतं. तू माझ्या नावापाशी थांबलास. माझा एवढा विश्वासघात आजवर कुणी केलेला नाही, आणि ज्यानं केला त्याच्यासाठी मी आधी स्वतःलाच दोषी धरून बसले होते, याची मला आता शरम वाटते.

पुढचं थोडक्यात. मी दोन्ही पारखांचे छापील कागद घेऊन कंपनीच्या साहेबांकडे गेले. त्यांनी चष्मा वर केला, त्यांच्या फाइलवरचं नाव वाचलं आणि म्हणाले, मॅडम, चूक तुमचीच दिसते, आम्ही विश्वासानं वापरलं. आठवड्याभरात धाटावपासून कोलाडपर्यंत सगळीकडे झालं की पेणच्या बाईनं प्रोग्राम चुकवला. एका कामगाराची बायको, येसू, मला रोह्याच्या स्टँडवर गाठून म्हणाली, "तुमाला काय गो, तुमी गार पंख्याखाली बसून शून्य लिवताव. माझ्या नवऱ्याला चार महिने पोटात कळा येतान." मी तुझं नाव घेतलं नाही. मोठेपणा म्हणून नव्हे, तेव्हा ते बोलायला गेले असते तर रडू फुटलं असतं आणि येसूपुढे मला रडायचं नव्हतं. फॅक्टरी इन्स्पेक्टरला मात्र सगळं लिहून कळवलंय, दोन्ही पारखा जोडून, तुझ्या नावानिशी. ते तुझ्या पाठीमागे केलं असं वाटायला नको, म्हणून सांगितलं.

त्यांचं उत्तर यायचंय तेव्हा येईल, पण माणसांचं रक्त तोवर थांबायचं नाही. रोह्यातल्या एका डॉक्टरीणबाईंना कागद दाखवले. त्या म्हणाल्या, शिसं शून्य असलेलं रक्त मी अजून पाहिलेलं नाही, आणि इथे एका शेडमध्ये एकेचाळीस? रविवारी सकाळी नऊला त्या स्वतः सगळ्यांचं रक्त घेणार आहेत. जास्त निघालं तर शेडमधून लगेच बाहेर काढायचं आणि औषध सुरू करायचं, वेळेत झालं तर बरंचसं भरून येतं, असं म्हणतात. उशीर झाला तर हातातलं बळ जातं ते परत येईलच असं नाही. मग मी यादी घेऊन घरोघर फिरले. येसूच्या घरीही गेले. तिनं आधी दार लावून घेतलं, नंतर चहा दिला. शिव्या खाल्ल्या, पण गेल्या सोमवारपर्यंत चाळीस जणांनी येतो म्हणून सांगितलं.

एकेचाळिसावे केरूकाका आहेत. तुझे वडील. तू असताना ते पॅकिंगला होते ना? तू ठाण्याला गेलास आणि गणपतीनंतर कंत्राटदारानं त्यांना रंगाच्या शेडमध्ये घेतलं. पोरगा काळजी करंल म्हणून तुला कळवायचं नाही, असं त्यांनी धोंडुकाकींना, तुझ्या आईला, बजावलंय. मी खांबला दोनदा जाऊन आले. त्यांना कपाची दांडी नीट धरता येत नाही, दोन्ही मनगटं खाली पडतात, काकी पोटदुखीवर ओव्याचं पाणी देतात. पण तपासणीला ते यायला तयार नाहीत. म्हणाले, "त्या कंप्युटरात माझा नाव हाय. समोर लिवलंय, ठीक हाय. माझ्या पोरानं केलेला प्रोग्राम हाय तो, तो बापाला खोटा कशाला सांगंल? तू नको जीव घालू गो पोरी." मी सांगायला तोंड उघडलं होतं. काकी मागे तुझा फोटो पुसत उभ्या होत्या, माझ्यानं झालं नाही. आणि सांगितलं असतं तरी त्यांनी मानलं नसतं. माझी माफी नंतर माग, ती मला हवी आहे आणि मी ती सहजासहजी देणार नाही. आधी शनिवारी संध्याकाळी खांबला ये आणि त्यांच्यासमोर बसून तुझ्या तोंडानं सांग की ती ओळ तू बदललीस, तुमचं रक्त कुणी तपासलेलंच नाही. साऱ्या धाटावला तो प्रोग्राम माझा वाटतो, प्रदीप. एकटे केरूकाका अजून तो तुझा समजतात, आणि म्हणूनच घरात बसून आहेत.

अजून तरी तुझीच,
भाग्यश्री