अवसेला व्हिएन्नाची गाडी

९ जुलै २०२२

जिंकले! शैलेंद्रने शेवटी रेल्वेचा पास काढला. दोन वर्षं ऐकतेय— आई, करोना आहे. आई, विमानं बंद आहेत. आता विमानं सुरू झाली, मी हॉलंडात न्यूनेनला त्याच्याकडे येऊन दोन महिने झाले, तरी लेकीकडे व्हिएन्नाला जाते म्हटलं की पोराच्या कपाळाला आठ्या! श्रुतीचं बाळ चार महिन्यांचं झालं. अजून फोनच्या काचेतूनच बघते. ऑगस्टात मला पुण्याला परत जायचं. मग काय, नात शाळेत गेल्यावर बघू?

१२ जुलै

पास चुकीचा! शैलेंद्रने इथे राहणाऱ्यांचा काढला. मी पाहुणी, माझा निराळा असतो. सूनबाईने, लतिकाने, पकडलं. हा म्हणतो, "जाऊ दे ना मग, आई." जाऊ दे काय! एवढ्या मोठ्या कंपनीत कामाला, आणि आई कुठल्या देशाची ते विसरला. तिनेच तो परत करून माझा घेतला. महिन्याभरात कुठलेही चार दिवस गाडीत बसा. पास माझ्या फोनमध्ये आहे.

१७ जुलै

पास म्हणजे जागा नव्हे म्हणे. लांबच्या गाडीत जागा वेगळी राखायची. सुट्ट्यांमुळे सगळं भरलेलं. आज एक मिळाली— २८ तारखेची. एकच. दोघांना रजा नाही, तर नाही. मी एकटी जाते.

शैलेंद्र चटकन म्हणाला, "अगं, त्या दिवशी अमावस्या आहे."

गणपतीत आंघोळीआधी आरतीला उभा राहणारा हा पंचांग कधीपासून बघायला लागला? लतिकाने मात्र लगेच कॅलेंडर काढलं. तिला खरंच अवस चालत नाही.

२५ जुलै

सोमवार, दिवस चांगला. प्रस्थान ठेवलं! आमच्या सासूबाई ठेवायच्या तसं. निघायचा दिवस वाईट असला की आधीच्या चांगल्या दिवशी गाठोडं दुसऱ्याच्या घरी ठेवायचं. प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरतात. तांदूळ, सुपारी, हळकुंड खणाच्या तुकड्यात बांधलं आणि शेजारच्या हेनीकडे दिलं. करोना आल्यापासून ती बाई उंबऱ्यातूनच हात लांब करून घेते. लतिकाने इंग्रजीत समजावलं. काय समजली देव जाणे, फ्रीजमध्ये ठेवलं! असू दे. थंड का होईना, मी निघाले.

लतिका खूश. शैलेंद्र म्हणाला, "तुझ्यापुढे हात टेकले." आधीच टेकायचे!

२७ जुलै

धपाटे केले. बॅग भरली. शैलेंद्र तीनदा "आई, ऐक ना" म्हणाला आणि तीनदा बॅगेचं वजन बघून निघून गेला. मला तिकडची भाषा येत नाही, त्याचीच काळजी असणार. भूक लागली की पोट दाखवता येतं, त्याला भाषा कशाला?

२८ जुलै, गाडीत

एकटी! व्हेन्लोला बदलली, ड्युसेलडॉर्फला बदलली. माझ्या जागेवर एक आडदांड बाप्या बसलेला. फोन त्याच्या नाकासमोर धरला आणि म्हटलं, "ऊठ." मराठीतच. उठला!

जर्मनीत शिरल्यापासून सगळ्यांना मास्क. हॉलंडात कोणालाच नव्हता. विषाणू काय सरहद्दीवर गाडीत चढतो? तिकीट तपासणारी आली, फोनवरची चौकट तपासली, हसली. म्हणजे डोळ्यांवरून तरी तसं वाटलं. मास्क हनुवटीवर ओढून दोन धपाटे हाणले. बाहेर नदी. बरी आहे.

२९ जुलै, व्हिएन्ना

नात मांडीवर आहे. घरात पुरुषाची एक चप्पल नाही. जावई मार्चपासून वेगळा राहतो. फोनवर विचारलं की कामावर गेलाय, कामावर गेलाय— सगळं खोटं. शैलेंद्रला ठाऊक होतं. श्रुती म्हणाली, "दादाला रागावू नकोस, मीच शपथ घातली होती." म्हटलं, आता रडू नकोस. बॅग भर, तुझी आणि हिची. न्यूनेनला जायचंय.