हातावर दही

७ नोव्हेंबर
आलो एकदाचा! दादरच्या दोन खोल्या सोडून आता मुलाकडे, जितेंद्रकडे. भाईंदरला, राई गावच्या रस्त्यावर, नव्या इमारतीत अकरावा मजला. खिडकीतून खाडी दिसते आणि अलीकडे जुन्या मिठागरांचे चौकोन, पुसायच्या राहून गेलेल्या पाट्यांसारखे. वाटलं, आता घंटा होईल आणि सगळा वर्ग एका चालीत कविता म्हणू लागेल. नात इशिता मानसशास्त्र शिकते. माझी रोजनिशी पाहून म्हणाली, आबा, अजून पेनने लिहिता? सो क्यूट! तिची आजी, माझी शैला, असती तर हसली असती. तिला जाऊन दीड वर्ष झालं.

१२ नोव्हेंबर
दुपारी मी एकटाच असतो. तिसरीतली कविता आठवत बसलो:

आई, बाळ कुठे ग गेले?
ओढ्याकाठी खेळत बसले.

पुढचं कडवं येईना. पासष्ट वर्षं शोधतोय. इशिताला सांगितलं तर तिने एक पुस्तक काढलं. जुन्या युरोपातल्या मांत्रिकांच्या पिशाच्चांची यादी, प्रत्येकापुढे आजचा अर्थ. त्यातला वासागो हरवलेलं शोधून देतो म्हणे. मी दचकलो तर म्हणाली, आबा, खरं कोण मानतं आता? तो सिम्बॉल आहे. आपल्याला जे परत हवंय, त्याचा. त्रिकोण काढायचा, आत हरवलेल्याचं नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवायची, आणि शेवटी त्याला मोठ्याने ‘निघून जा’ म्हणायचं. ते मात्र विसरायचं नाही.

१४ नोव्हेंबर
दुपारी तीनला रांगोळीने त्रिकोण काढला. चिठ्ठी ठेवली. बराच वेळ काही नाही. मग कानामागून, अगदी वर्गातल्या चालीत, ते कडवं आलं. मी लहान मुलासारखा रडलो. इथे लिहीत नाही, काही दिवस माझ्यापाशीच राहू दे.
शेवटचं मात्र जमेना. एवढं देऊन गेलेल्याला ‘निघून जा’ म्हणायचं? आमच्याकडे निघणाऱ्यालाही ‘या’ म्हणतात. मी तेच म्हटलं, आणि घरातून निघताना आई हातावर द्यायची तसं, त्याने सुखरूप परत यावं म्हणून, चमचाभर दही त्रिकोणात वाढलं. चहा करून येईपर्यंत फरशी कोरडी.
संध्याकाळी इशिता पोट धरून हसली. दही? आबा, तुम्ही तर त्याला रिटर्न तिकीट दिलंत!

१८ नोव्हेंबर
पहिलीत हरवलेली पेन्सिलींची डबी आज उशाशी होती. काल मुंजीतली आंगठी. मला आनंदच होतोय, खोटं कशाला लिहू?
मुर्धा गावच्या मासळीवाल्या गोदूबाई मावरं घेऊन आल्या. म्हणाल्या, बाबा, रोज दुपारी तुमच्या दाराशी कोन पाव्हना उभा असतो? त्याला तोंड कसं न्हाय?

२१ नोव्हेंबर
शैलाचा चष्मा. पलीकडच्या उशीवर.
तो मी स्वतः तिच्या डोळ्यांवर ठेवला होता, स्मशानात. काचा अजून गरम आहेत.

२३ नोव्हेंबर
माझं हरवलेलं संपलं असावं. आता तो स्वतःच वस्तू हरवतो आणि स्वतःच आणून देतो. सकाळी जितेंद्रचा फोन, मग इशिताच्या किल्ल्या. नेमक्या त्रिकोणाच्या जागी.
इशिता आता हसत नाही. म्हणाली, सिम्बॉल असला तरी ज्याने बोलावलं त्यानेच घालवायचं. उद्या तीनला मी लवकर येते. तुम्ही ‘जा’ म्हणायचं. आबा, प्लीज, लाजायचं नाही.

२४ नोव्हेंबर, दुपारी चार
इशिता आली नाही. फोन बंद. कॉलेजातून एक वाजताच निघाली होती म्हणे.

पाच
जितेंद्र पोलिसांत गेलाय. मी रिकाम्या खोलीत जा, जा, जा म्हणतोय. घसा बसला. पण तो इथे नाहीच. तो काहीतरी आणायला गेलाय.

साडेपाच
बेल. दाराच्या भिंगातून पाहिलं. इशिता! पायांना मिठागराचा करडा चिखल. मान खाली, तोंड दिसत नाही. दारापलीकडून म्हणतेय, तिसरीतल्या चालीत, मी कुणालाच न सांगितलेलं कडवं—

आई, बाळ घरी ग आले,
पाय तयाचे अजून ओले.

साखळी लावून दार किलकिलं केलं. वही हातातच. फटीतून हात आत आलाय, तळवा वर. तिचाच हात, दिवाळीतली मेंदी पुसटशी— आबा, दही द्या ना, म्हणते—
‘जा’ म्हणायचंय. ती खरी असली तर— माझ्याच नातीला, दारातून—
खरी नसली तर—
म्हणतोच. तोंड उघडलं आणि जन्माच्या सवयीने निघालं, ‘या’—