एकमताने मंजूर

मु. बोडीटोला, ता. मोहाडी
जि. भंडारा
१७ मार्च २०१९

भैय्यालालला मधुकरचा रामराम.

आनंदावहिनींना नमस्कार. तुझ्या उर्वशीच्या पोरीला आशीर्वाद. ती आता अकराव्या वर्षात असेल. तिकडं दिघोरीत तुम्ही सगळे बरे आहात असं धरून लिहितो. अकरा वर्षं एकमेकांना चिठ्ठी नाही, तेव्हा धरूनच चालावं लागतं.

इकडं आम्ही बरे आहोत. माझा उजवा गुडघा दुखतो आणि नजर अधू झाली, बाकी तक्रार नाही. यंदा धान चांगला झाला. वासुदेवराव मागच्या पोळ्याच्या सुमारास वारले, ते तुला कळलंच असेल. मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष आता त्यांचा पोरगा अंकुश आहे. सचिव अजून मीच. मोनूचं लग्न झालं. सून रुचिता तुमसरची आहे. वकिलीची दोन वर्षं शिकली आणि मग लग्न झालं. शिक्षण सुटलं, पण तिचं प्रश्न विचारणं सुटलं नाही.

फोन करता आला असता. पण फोनवर तू काही बोलला की मी भलतंच काहीतरी बोलून मोकळा होईन, हे मला ठाऊक आहे. म्हणून लिहितो.

आपल्या तलावाचं सांगतो. मरळ जवळजवळ संपली. झिंगे दिसत नाहीत. जाळ्यात येतो तो मोठा मांगूरच, आणि त्यावर बंदी असल्यानं तो कोणी उघडपणे घेत नाही. जानेवारीच्या सभेत अंकुश म्हणाला, या उन्हाळ्यात तलाव पार आटवून टाकू, म्हणजे मांगूर मुळासकट जाईल. सगळ्यांनी माना हलवल्या. मी रजिस्टर उघडलं. आजकाल मला बारीक दिसत नाही म्हणून लिहायला रुचिता बसते. तिनं पेन खाली ठेवला.

"ठराव असाच होते काय दरवेळी?" तिनं विचारलं.

"मंग कसा होते?" अंकुश हसला.

"विरोधात कोणीच नाही बोललं. आटवलं आन् चुकलं तं?"

मग तिनंच सुचवलं की आपण कोर्ट लावू. खोटं कोर्ट. कॉलेजात त्यांना तसं करायला लावत. खटला माणसावर नाही, ठरावावर चालवायचा. एक जण त्याच्या बाजूनं बोलेल, एक विरोधात. कोण कुठल्या बाजूनं ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, मग मनात काहीही असो, मिळालेली बाजू जीव ओतून मांडायची. शेवटी हात वर करायचे नाहीत, घडी केलेल्या चिठ्ठीवर मत द्यायचं. आणि आधी सराव म्हणून एखाद्या जुन्या ठरावावर चालवून पाहू, म्हणजे आपण कुठं चुकतो ते समजेल.

जुना ठराव कोणता ते तू ओळखलं असशील. ७ जुलै २००८. नागपूरच्या व्यापाऱ्याकडून मांगूरचं बीज घेऊन तलावात सोडायचा.

रविवारी सकाळी तलावाच्या पाळीवरच्या शेडमध्ये सगळे जमले. बायकाही होत्या. न्यायाधीशाची चिठ्ठी शकुंतलाबाईला निघाली. तिनं मासोळी तोलायचं अर्ध्या किलोचं वजन टेबलावर आपटून "चूप बसा सारे" म्हटलं तेव्हा लोक पोट धरून हसले. ठरावाच्या बाजूनं अंकुश, विरोधात रुचिता. रजिस्टर माझ्या हातचं, म्हणून साक्षीदार मी. मलाही गंमत वाटत होती. सुनेसमोर उभं राहून साक्ष द्यायची, तिनं डोक्यावरचा पदर सावरून मला "साक्षीदार" म्हणायचं.

"साक्षीदार, इथं 'एकमताने मंजूर' लिवलं हाय. सभासद किती होते?"

"बेचाळीस."

"सह्या एकेचाळीस हायेत."

"भैय्यालाल नव्हता. पोरीच्या बाळंतपणाला दिघोरीले गेला होता."

"मंग त्याचं मत कसं समजलं?"

साधा प्रश्न होता. तिला काहीच माहीत नव्हतं. मी म्हणालो, "त्यानं काही कळवलं नाही."

ती पुढच्या प्रश्नाकडं गेली. मग अंकुश उठला. चांगला बोलतो तो पोरगा, बापासारखा. म्हणाला, "या गावात मासोळीचं सगळ्यात जास्त कोणाले समजे? भैय्यालालकाकाले. पाण्याचा रंग पाहून सांगे, कोणती मासोळी कुठं हाय ते. त्यायनं एक चिठ्ठी तरी पाठवाची होती. नाही पाठवली. वरतून वापस आल्यावर रागानं संस्था सोडून, गाव सोडून गेले. आमच्या बाबानं चूक केली असन, पण ज्याले समजत होतं तोच चूप राहिला. कसूर त्याचा."

लोक माना हलवू लागले. शेडमधलं हसणं थांबलं होतं, आता हे खरंच वाटत होतं सगळ्यांना. मागून कोणी म्हणालं, "भैय्यालाल बोलला असता तं हे झालंच नसतं." कृष्णराव म्हणाले, "गुर्मी होती त्याले." शकुंतलाबाईनं वजन उचललं आणि रुचिताला सांगितलं, "लिव बाई. कसूर भैय्यालालचा."

भैय्या, मी तेव्हा उठलो. गुडघ्यामुळं एकदम उठता येत नाही, टेबलाला धरून उठलो. म्हणालो, "थांबा. भैय्यालालनं अर्ज पाठवला होता. दोन पानं. आनंदाबाईच्या भावाच्या हाती. हा मांगूर आपल्या सगळ्या मासोळ्या खाईल, पावसात पाळ ओलांडून शेजारच्या बोड्या-तळ्यांत जाईल, असं सगळं लिवलं होतं. सभेच्या दिवशी तो अर्ज माह्या खिशात होता."

रुचितानं विचारलं, "मंग वाचला काहून नाही?"

"विसरलो," मी म्हणालो.

त्या दिवशी कोर्ट तिथंच उठलं. कोणी मला दोष दिला नाही. घरी आल्यावर रुचितानं चहा दिला आणि म्हणाली, "मामाजी, खोट्या कोर्टात शपथ नसते. तरी तुमी उठले." तिच्या आवाजात मान होता. तो चहा मला गेला नाही.

पुढच्या रविवारी तलाव आटवायच्या प्रस्तावावर खरं कोर्ट बसलं. अंकुशला चिठ्ठी निघाली ती आपल्याच प्रस्तावाच्या विरोधात बोलायची. आठवडाभर तो पाळीवर फिरला, बायकांना विचारत बसला, आणि असा बोलला की शेवटी त्याचं त्यालाच पटलं. पार आटवलं तर मांगूरासोबत गवताच्या कडेला तगलेली उरलीसुरली मरळही जाईल, आणि गुरांना मे महिन्यात पाणी राहणार नाही. चिठ्ठ्या मोजल्या. पाणी कमरेपर्यंत उतरवायचं आणि महिनाभर सगळ्यांनी मिळून जाळ्यानं मांगूर काढायचा, याला एकोणतीस मतं पडली. आता रोज सकाळी काम चालू आहे. परवा एक मरळ सापडली, हातभर. शकुंतलाबाईनं लगेच पाण्यात सोडली.

इथंच पत्र संपवता आलं असतं. दोनदा संपवलं आणि फाडलं.

मी विसरलो नव्हतो.

तो व्यापारी गावात मीच आणला होता. मोहाडीच्या बाजारात माझी त्याची ओळख झाली. वासुदेवरावांना मी पटवलं. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला त्या साली आपण दोघांनी भंडाऱ्याच्या चकरा मारून संस्था नोंदवली, तरी पाण्याचा प्रश्न आला की लोक तुझ्याच तोंडाकडं पाहत. मी दहावी शिकलेला, रजिस्टर माझं, शिक्का माझा, आणि विचारायचं ते तुला. एकदा तरी माझ्या सांगण्यावरून गावाचं चांगलं व्हावं, असं वाटलं मला. तुझा अर्ज वाचला असता तर सभा पाच मिनिटांत तुझ्यामागं गेली असती. तुझी दोन पानं वाचून मला स्वतःलाही पटलं होतं. म्हणूनच ती खिशात राहिली.

आणि दुसरी गोष्ट, जी कोर्टात कोणी विचारली नाही, कारण ती तू आणि मीच जाणतो. तू दिघोरीहून परतला, सरळ माझ्या दारात आला. उभ्या उभ्या विचारलं, "माहा अर्ज वाचला काय सभेत?" मी म्हणालो, "वाचला. लोक हासले."

कोणी हसलं नव्हतं, भैय्या. कोणाला माहीतच नव्हतं. तू मान खाली घालून गेला, आणि महिन्याभरात घराला कुलूप लावून जावयाच्या गावी राहायला गेला. इतकी वर्षं तू समजत राहिला की एकेचाळीस माणसांनी तुझी टिंगल केली. आणि ती माणसं समजत राहिली की तू गुर्मीत गेला. त्या दोन्हींच्या मधे मी बसलो होतो, रोज पाळीवर जात होतो, जेवत होतो, झोपत होतो.

माफी मागावी असं वाटतं, पण मागायला जीभ रेटत नाही. तुला जे वाटेल ते तू कर.

मागच्या सभेत नवा ठराव झाला, की तुझा लेखी विरोध आला होता आणि तो सभेपुढं ठेवला गेला नाही, याची नोंद व्हावी, आणि तुला परत बोलवावं. नोंद रुचितानं लिहिली, खाली सही मी केली. येत्या रविवारी, २४ तारखेला, ती आणि अंकुश तुझ्याकडं येणार आहेत. ते तुला सांगतील की मधुकरकाका विसरले होते. त्यांना तेवढंच माहीत आहे. म्हणून हे पत्र त्यांच्या आधी पोचावं, यासाठी रजिस्ट्रीनं टाकतो.

ते आले की त्यांना चहा दे, बसव, आणि हे पत्र त्यांना मोठ्यानं वाचून दाखव. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. रुचिता समोर बसलेली असेल, तरी मधे थांबू नको.

मधुकर