फेरीपुरती जागा

नारायण पेठ, पुणे
४ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
मैनाचा नमस्कार. भाऊबीजेला तुम्ही भरल्या ताटावरून उठून गेलात, तेव्हापासून माझा फोन उचलत नाही. पोस्टमनला टाळणं तुम्हाला जमणार नाही, म्हणून हे पत्र.

काल तुमच्या भाचीचा, शेफालीचा फोन आला. रविवारी तिच्या सोसायटीची माणसं तुमच्या मळ्यापुढच्या त्या चिंचोळ्या जागी बोर्ड घेऊन उभी होती. मागणं काय, तर पदपथ, दिवे आणि दोन गाड्या शेजारून जातील एवढा रस्ता. तिथे टँकर पोरांच्या दप्तरांना घासून जातात. माझी नात राजनंदिनी सात वर्षांची आहे आणि शाळेच्या बसपर्यंत रोज तिथूनच चालत जाते. महापालिकेचे साहेब मोजणीला आले, तुमच्या कुंपणापुढे म्हसोबा बघितला आणि हात जोडून परत गेले.

दादा, आपला म्हसोबा विहिरीपाशी लिंबाखाली होता. तिथल्या खोबऱ्यासाठी मी तुमच्याशी भांडले आहे. दिवाळीच्या तोंडावर तो नेमका रस्त्याच्या पट्ट्यात कसा येऊन बसला? एवढ्या वर्षांत तो कधी उठून पारापर्यंतसुद्धा गेला नव्हता. शेफाली राहते त्या टॉवरला जमीन विकताना हा पट्टा रस्त्याला सोडतो, असं तुम्ही चारचौघांत म्हणाला होतात. मी तेव्हा तिथे चहा देत होते.

वहिनींना नमस्कार सांगा. जमिनीवर आहे त्यातला थोडा लोभ आमच्यावरही असावा.

आपली,
मैना


हडपसर
९ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. मैना हिस,
आशीर्वाद. पेठेत राहून तुझी जीभ पार पेठेची झाली. आम्ही इथं ठीक हाय, तू विचारलं नाहीस तरी सांगतो.

देवानं कुठं बसायचं ते देव ठरवतो. मला दृष्टांत झाला. त्याचा पुरावा तुला द्यायला मी बांधलेला नाही.

आपल्या वडलांनी कालव्याला जमीन दिली, मोठ्या रस्त्याला दिली. मग हे टॉवरवाले आले. आमच्या कांद्याच्या वाफ्यावर राहायचं, जमिनीखाली गाड्या लावायला मजले काढायचे आन् रस्त्याला जागा मात्र हिंमतरावाची. तुझी पोरगी इंग्रजीत बोर्ड लिहिते. मामाला वाचता येणार नाही असं वाटलं काय तिला? तिला सांग, माझ्या दारात परत उभी राहिलीस तर राखीला, दिवाळीला मामा म्हणून यायचं नाही.

तुझ्या वहिनीला तरी देव जवळ आल्याचं बरं वाटतंय. अवसेला तेल घालायला तिला विहिरीपर्यंत चालावं लागायचं. आता कुंपणाबाहेर पाय टाकला की देव. घरातल्या माणसाची सोय बघणं हा गुन्हा असेल तर तो मी केला.

उत्तराची वाट बघत नाही.

तुझा,
हिंमतराव


नारायण पेठ, पुणे
१४ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
नमस्कार. वाट बघत नाही म्हणालात, म्हणून मुद्दाम उत्तर.

कालव्याची आणि मोठ्या रस्त्याची जमीन सरकारने घेतली, टॉवरची तुम्ही विकलीत. दिली आणि विकली यातला फरक तुम्हाला मी सांगावा, हे तुमच्या वयाला शोभत नाही. टॉवर उभा राहिला तेव्हा पहिल्या मजल्याच्या पूजेला फेटा बांधून तुम्हीच बसला होतात.

मंडईत तुमच्याकडचा भाजीवाला भेटला. तो म्हणाला, देव ट्रॉलीतून आला हे सगळ्या वाडीला माहीत आहे, पण तुमच्या तोंडाला लागायला कोणी धजत नाही. मी धजते. रहिवाशांच्या अर्जावर मीही सही केली आहे आणि या रविवारी स्वतः बोर्ड घेऊन उभी राहणार आहे. मामा म्हणू नकोस हे शेफालीला मी सांगितलं. ती म्हणाली, बरं.

तिथे एक दिवस कोणीतरी चिरडलं जाईल. ते पोर कुणाचंही असो, त्या दिवशी म्हसोबाच्या आड लपायला जाऊ नका.

कळावे. कळून घ्यायचं नसेल तर तसं कळवावे.

मैना


हडपसर
२ डिसेंबर २०२५

चि. सौ. मैना हिस,
आशीर्वाद. तू दवाखान्यात आलीस तेव्हा मी उठून बाहेर गेलो. तोंडाने सांगायचं जमलं नाही, म्हणून लिहितो.

अवसेला तुझी वहिनी तेल घालून देवाला फेऱ्या मारत होती. देवाच्या मागं कुंपण, पुढं डांबर. पुढून वळताना टँकरनं तिला उडवली. खुब्याचं हाड मोडलं. ॲम्ब्युलन्स आली ती चिंचोळ्या जागेच्या पलीकडं गाड्यांत अडकली. तुझ्या पोरीनं आन् तिच्या बोर्डवाल्यांनी तुझ्या गोदावहिनीला खुर्चीत बसवून उचलून पलीकडं नेलं. मी मागून तिच्या चपला घेऊन चालत होतो.

ऑपरेशन झाल्यावर तिनं मला एवढंच विचारलं, की देव हलवलात तेव्हा मी फेऱ्या कुठून मारणार होते. ती चिडली असती तर मी उलटं बोललो असतो. मी साहेबांचा विचार केला होता, बिल्डरचा केला होता, तुझ्या पोरीच्या बोर्डांचा केला होता. लग्न होऊन आल्यापासून त्या देवाला फेऱ्या घालणाऱ्या बाईचा केला नव्हता. मला लय लाज वाटली मैना.

देव परत लिंबाखाली नेला. दिवसाढवळ्या नेला, सगळ्यांनी बघितलं. कुंपण आत घेतलं. तू जिंकलीस असं समजू नको. तुझ्या पत्रांनी मी काही केलेलं नाही.

पट्टा मोकळा केल्याचं सांगायला महापालिकेत गेलो. साहेब म्हणाले, यंदा या कामाची तरतूद न्हाई, पुढल्या वर्षी बघू. देव मधे होता तेव्हा त्यांची सोयच झाली होती म्हणायची. मला त्यांनी दुपारभर बाहेर बाकड्यावर बसवलं आन् मग जेवायला निघून गेले.

येत्या रविवारी मी बोर्ड घेऊन उभा राहणार हाय. शेफालीला म्हणावं, माझा बोर्ड मराठीत लिही, अक्षर मोठं काढ. तू येशीलच, तुला कोण अडवणार. माझ्याशी बोलायला येऊ नको, मी अजून बोलत नाही. पण माझ्या शेजारी उभी राहिलीस तर आतल्या बाजूला राहा. टँकर लय जोरात येतात.

तुझा दादा,
हिंमतराव