तीन वर्षं आधी लागलेली पाटी

३ जून

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

फोनवर भांडायला लागले की तुम्ही हसता, म्हणून लिहिते आहे. वाचताना हसायचं नाही.

आमच्या ऑफिसच्या मॅडम काल गिरणीचे हिशेब तपासायला आपल्या गावी गेल्या होत्या. बाबांच्या शिलाईच्या दुकानासमोरच्या भिंतीवर त्यांना काय दिसावं? माझ्या नावाची पाटी, खाली 'हिशेबतपासनीस'. अक्षरांना सावलीसुद्धा! काका, मी उमेदवारीला लागून जेमतेम दोन महिने झालेत. अजून पावत्यांवर नंबर घालते नि झेरॉक्समध्ये अडकलेला कागद ओढून काढते. शेवटची परीक्षा तीन वर्षांनी. त्याआधी पाटी लावणं नियमात बसत नाही. मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं, की माझी केबिन तुझ्यासाठी रिकामी करू का. पंधरा तारखेपर्यंत पाटी उतरल्याचा फोटो दिला नाही, तर उमेदवारी रद्द. आजच उतरवा.

रागावलेली, तरी तुमचीच
लवंगी

६ जून

चि. लवंगीस,
अनेक आशीर्वाद.

नावाप्रमाणे झोंबलीस हो! मी चौथीत शाळा सोडली. दुकानांच्या पाट्या बघून बघून अक्षर गिरवलं. आज या गावातल्या अर्ध्या दुकानांना तोंड आहे ते माझ्या ब्रशाने. त्या हाताने केलेलं काम उतरवू?

तुझा बाप भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर काय म्हणाला ते ऐक. म्हणे आकडेमोडीत पोरीचा जीव रमायचा नाही, सहा महिन्यांत परत येऊन काजं-बटणं करायला बसते की नाही बघा. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तू हे शिक्षण निवडलंस तेव्हा दादाशी भांडलं कोण? म्हणून पाटी त्याच्या नाकासमोर ठोकली. उठता-बसता वाचू दे. मॅडमना म्हणावं, काकाला नियम कळत नाहीत. पाटी उतरणार नाही.

वेळेवर जेवत जा. रिकाम्या पोटी राग बाधतो.

तुझाच हट्टी
काका

९ जून

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

माझ्या खांद्यावर बंदूक ठेवून तुम्ही दोघे भाऊ एकमेकांवर बार काढताय. मी हे काम बाबांची जिरवायला घेतलेलं नाही. बेरीज जुळत नाही तोवर मला घास गोड लागत नाही, म्हणून घेतलंय. तुमची पाटी खोटं बोलते, आणि तेही माझ्या नावाने. मी तपासायला बसले, तर पहिली लाल पेन्सिल तिच्यावरच मारीन.

काल मॅडमनी माझं टेबल दुसऱ्या मुलीला दाखवलं. आणखी काय सांगू?

लवंगी

१३ जून

चि. लवंगीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी लाल पेन्सिल जिव्हारी लागली. शिडी आणि पक्कड घेऊन निघालो, तर भिंत रिकामी! चार भोकं तेवढी. मी असा पेटलो म्हणतेस! तसाच दादाच्या दुकानात शिरलो आणि विचारलं, की माझ्या हातचं काम उपटणारा तू कोण. तो मशीनवरून उठलासुद्धा नाही. म्हणाला, पोरीच्या मॅडम पाटी दिसली त्याच दिवशी दुकानात चौकशी करून गेल्या. तुझी अक्कल जागी व्हायची वाट बघत होतो, ती काही कूस बदलेना, म्हणून मीच उतरवली.

मग कापायच्या टेबलाखाली बोट दाखवलं. पाटी तिथे होती. तिला मापात खोळ शिवली होती, चारी बाजूंनी बंद, कोपऱ्यांना दुहेरी टाका. कापड कुठलं? कोटाला लावतो ते भारी अस्तर. सहा महिन्यांत परत येते म्हणणाऱ्या माणसाने!

तरी मी सोडतो काय? फटकन म्हटलं, एवढा कारागीर तू, मग बटणं का नाही लावलीस. तर मान वर न करता म्हणतो, बटणं लावली असती तर तू रोज उघडून बघितली असतीस. पोरगी पास होऊन येईल, तेव्हा तीच उसवेल.

मी पाठवलेला रिकाम्या भिंतीचा फोटो पाहून मॅडमनी टेबल तुझंच ठेवलं, हा तुझा निरोप पोचला. दादाशी मी अजून बोलत नाही. कात्री मात्र त्याच्याकडून मागून आणली आहे, तुझ्यासाठी. धार लावून ठेवतो.

रागासकट माया तशीच राहू दे.

तुझा
काका