डावं पडलेलं फूल

जोतीदादा,

तू मुंबईला गेलास त्याला अकरा वर्सं झाली. तुझा पत्ता न्हाई, म्हणून हे पत्र देव्हाऱ्यात भंडाऱ्याच्या डबीखाली ठेवणार हाय.

मेंढरं घेऊन जतवरनं निघायच्या आधी आई बिरोबाला ओलं फूल चिकटवून कौल लावायची, आठवतंय? उजवं पडलं की व्हय, डावं पडलं की न्हाई. तू हळूच फुंकर मारायचास.

तू गेल्यावर दर ऐतवारी ती देवळात जाऊन, तू परत येशील का म्हणून कौल लावायची. फूल हलायचंच न्हाई. "देव 'न्हाई' असं तर म्हणला न्हाई," म्हणायची आन् घरला यायची.

गेल्या माघात फूल डावीकडं पडलं. तिला दिसायचं बंद झालेलं. मी गुमान उचलून, पाण्यात बुडवून परत चिकटवलं.

"हाय का गं?"

"हाय."

तिनं देवावरनं हात फिरवला. "लय ओलं लागतंय," एवढंच म्हणली. तिला कळलं हुतं.

मला वाटलं, आता काय ती यायची न्हाई. पुढच्या ऐतवारी माझ्याआधी काठी घेऊन दारात उभी.

आई पावसाळ्यात गेली. आता मी लावते. काल परत डावं पडलं. मी उचललं न्हाई.

येत्या ऐतवारी परत कौल लावायला जाणार हाय.

तुझी धाकटी,
मंगल